मातीची तहान सांगणारे यंत्र आणि आपली मुले
(सूस येथील पालक-विद्यार्थी मेळाव्यात केलेले भाषण)





सूसमध्ये उभे राहून शेतीवर बोलायचे, हे काहींना नवल वाटेल. 2021 साली हे गाव पुणे महानगरपालिकेत आले. भाताच्या खाचरांच्या जागी इमारती उभ्या राहिल्या. पण डोंगर ओलांडून मुळशीत आत गेलात की शेती आहे, आणि ती करणारा बहुतेक लहान शेतकरी आहे. 2015-16 च्या कृषी गणनेनुसार महाराष्ट्रात सरासरी धारणा फक्त 1.34 हेक्टर. अशा माणसाला परवडेल असे शास्त्र कोणते, एवढाच आजचा विषय आहे.

आपला शेतकरी 'वाफसा' हा शब्द वापरतो. जमीन फार ओली नाही, फार कोरडी नाही, मुळांना पाणीही मिळते आणि हवाही मिळते, ती अवस्था म्हणजे वाफसा. जाणता शेतकरी मूठभर माती दाबून तो ओळखतो. पण हात वरची माती पाहतो. वीतभर खाली काय चालले आहे, हे त्याला कळत नाही. म्हणून भीतीपोटी पाणी जास्त दिले जाते. मुळे कुजतात, खत वाहून जाते, विजेचे बिल वाढते.

येथे सेन्सर उपयोगी पडतो. त्याचे तत्त्व बारावीच्या पुस्तकातलेच आहे. पाण्याचा परावैद्युत स्थिरांक सुमारे 80, तर कोरड्या मातीचा 3 ते 5. मातीत खोचलेली पट्टी हा फरक मोजते आणि ओलावा किती ते सांगते. ही पट्टी आणि तिचा आकडा पाठवणारी चिप आज काही शे रुपयांत मिळते. 865 ते 868 मेगाहर्ट्झ या लहरींवर अशी छोटी साधने परवान्याशिवाय चालवता येतात. मोकळ्या रानात संदेश काही किलोमीटर जातो. शेतात इंटरनेट नसले तरी घरावरच्या एका पेटीपर्यंत तो पोहोचला म्हणजे झाले.

हे परदेशातूनच यावे लागते असे नाही. पुण्याचे अभियंते संतोष ओस्तवाल यांचे उदाहरण घ्या. त्यांच्या वृद्ध आजोबांना पंप चालू करण्यासाठी अंधारात शेतावर जावे लागे. शेतीपंपांना वर्षानुवर्षे रात्रीची वीज. वाटेत चिखल, साप, विंचू, आणि तेथे गेल्यावर कळायचे की वीजच नाही. ओस्तवाल यांनी 'नॅनो गणेश' हे उपकरण तयार केले. स्टार्टरला जोडलेल्या मोबाइलवर घरून फोन करायचा, वीज आहे की नाही ते समजून घ्यायचे आणि पंप चालू किंवा बंद करायचा. 2009 साली नोकिया कंपनीच्या जागतिक स्पर्धेत त्याला पारितोषिक मिळाले. घरातल्या म्हाताऱ्या माणसाचे हाल पाहून सुचलेली ही गोष्ट आहे, हे विद्यार्थ्यांनी विशेष लक्षात ठेवावे.

आता दुसरी बाजू. यंत्र म्हणजे जादू नव्हे. आपली काळी जमीन वाळली की भेगाळते. पट्टीभोवती हवा शिरते आणि आकडा खोटा येतो. स्वस्त पट्टीच्या कडेतून ओल आत गेली की ती बिघडते. एका जमिनीसाठी जुळवलेली पट्टी दुसऱ्या जमिनीत चुकते. पावसाच्या पाण्यावरच्या भाताला ओलाव्याच्या सेन्सरचा फारसा उपयोगही नाही. भाजीपाला, फुलांची हरितगृहे, ठिबकवरची फळबाग येथे तो पैसे वाचवतो. द्राक्षबागेत तर पान किती तास ओले राहिले हे कळले, तर केवडा येण्याआधी सावध होता येते आणि विनाकारण फवारणी टळते.

म्हणजे वस्तू स्वस्त झाली, तिची देखभाल झाली नाही. विकणारा दुकानदार शहरात, आणि बिघडलेली पेटी बांधावर धूळ खात पडलेली. गावाला हवा आहे तो जुळवणी आणि दुरुस्ती करणारा माणूस.

पालकहो, मला येथेच आपली मुले दिसतात. मोटार रिवाइंडिंग, वायरिंग, मोबाइल दुरुस्ती या कामांत आपल्या समाजातील कितीतरी हात तयार आहेत. मुलगा दहावीनंतर दुकानात बसतो, चार पैसे आणतो, आणि आपण समाधान मानतो. त्या हाताला भौतिकशास्त्राची जोड मिळाली, तर तोच मुलगा दुरुस्तीवाल्याचा तंत्रज्ञ होईल. म्हणून विनंती आहे, हुनर आले म्हणून शिक्षण तोडू नका. आणि हे काम मुलींनाही तितकेच जमणारे आहे. त्यांना दारातून परत बोलावू नका.

विद्यार्थ्यांनी सुरुवात प्रयोगशाळेतच करावी. ओली माती तोला, 105 अंश सेल्सिअसला 24 तास वाळवा, पुन्हा तोला. घटलेले वजन म्हणजे पाणी. त्याच मातीत सेन्सरचा आकडा काय होता, ते शेजारी लिहा. मुळशीच्या तांबड्या मातीचा आणि काळ्या मातीचा असा तक्ता तुम्ही तयार केलात, तर तो शेतकऱ्याच्या थेट कामाचा ठरेल. येथून जवळच पाषाणला भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्था आहे. विद्या आपल्या दारात आहे.

ही वाट आपल्याला परकीही नाही. बाराव्या शतकात अंदलूसमधील इब्न अल-अव्वाम यांनी 'किताब अल-फिलाहा' हा शेतीवरचा मोठा ग्रंथ लिहिला आणि आरंभीच माती, खत व पाणी यांचा विचार केला. वाहत्या नदीकाठी वुजू करतानाही पाणी वाया घालवू नये, अशी आपल्याला शिकवण आहे. वुजूच्या लोट्याला लागू असलेली ही गोष्ट पाच अश्वशक्तीच्या पंपाला लागू नाही काय?

पुढच्या मेळाव्याला एखाद्या विद्यार्थ्याने किंवा विद्यार्थिनीने आपल्या हाताने जुळवलेला एक सेन्सर येथे आणून दाखवावा, एवढी इच्छा व्यक्त करतो.

खुदा हाफिज.