भरपाईचा हिशेब रस्त्यावर होत नाही

मोटारीचा धक्का लागून दुचाकीस्वार पडतो, गुडघा सोलवटतो, मनगट दुखू लागते आणि भोवती जमलेले लोक दहा मिनिटांत हजार-दोन हजारांवर प्रकरण मिटवून टाकतात. त्यांचा हेतू वाईट नसतो. पोलीस ठाण्याची पायरी कोणालाच नको असते. तरीही अशी तडजोड जखमी माणसावर अन्याय करते, असे माझे स्पष्ट मत आहे. मानेला बसलेला हिसका बऱ्याचदा दुसऱ्या दिवशी दुखू लागतो. मनगटातले बारीक हाड मोडले तर ते पहिल्या एक्स-रेत कधी कधी दिसतही नाही. इजा किती आहे हेच ठाऊक नसताना तिची भरपाई ठरवायची कशाच्या आधारावर?

न्यायालये ती कशी ठरवतात, हे पाहण्यासारखे आहे. राजकुमार विरुद्ध अजय कुमार या २०१० सालच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की साध्या इजेतही उपचारांचा खर्च, त्या काळात बुडालेली कमाई आणि सोसलेल्या वेदना यांची भरपाई मिळते. उपचारांच्या खर्चात दवाखान्याच्या खेपा आणि सकस आहारही धरला जातो. रस्त्यावरच्या सौद्यात यातले फार तर मलमपट्टीचे पैसे येतात. हात प्लास्टरमध्ये असताना रिक्षा चालवता येत नाही, भाजीची गाडी ढकलता येत नाही. खरा तोटा तिथे असतो. आणखी एक गोष्ट फार थोड्यांना माहीत असते. मोटार वाहन कायद्याच्या कलम १६४ नुसार गंभीर दुखापत झाल्यास चूक कोणाची हे सिद्ध न करताही अडीच लाख रुपये मिळू शकतात, आणि फौजदारी कायद्याच्या व्याख्येत हाड मोडणे किंवा दात तुटणे हीसुद्धा गंभीर दुखापतच आहे. लोक ज्याला किरकोळ म्हणतात, ते कायद्याला किरकोळ वाटतेच असे नाही. मात्र ही ठरावीक रक्कम स्वीकारली, की याच कायद्याच्या कलम १६६ खालचा पूर्ण नुकसानभरपाईचा दावा संपतो. म्हणून आधी वकिलाला विचारावे.

यावर कोणी म्हणेल, समोरच्या गरीब चालकाला कशाला बुडवायचे? त्यासाठीच तर कायद्याने थर्ड पार्टी विमा सक्तीचा केला आहे. विमा चालू असेल, तर पैसे सहसा कंपनी देते. दुसरा आक्षेप खोट्या दाव्यांचा, आणि तो रास्त आहे. वाढवून लावलेल्या बिलांचा भार शेवटी प्रत्येक विमाधारकावर पडतो. म्हणून मागणी कागदाला धरूनच असावी. स्वतः सिग्नल तोडला असेल, तर आपल्या चुकीच्या प्रमाणात भरपाई कमी होते, आणि ते योग्यच आहे. तिसरा आक्षेप कोर्टाच्या तारखांचा. तो खोटा म्हणता येणार नाही. पण पोलिसांकडून अपघाताची माहिती मिळाल्यावर विमा कंपनी तीस दिवसांत तडजोडीचा प्रस्ताव देऊ शकते, अशी तरतूद मोटार वाहन कायद्याच्या कलम १४९ मध्ये आहे. शिवाय लोकअदालतीत अनेक दावे एका बैठकीत मिटतात. तीही तडजोडच, पण जखम समजल्यानंतरची आणि न्यायाधीशांसमोरची.

तेव्हा त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा आणि अपघातात लागल्याची नोंद केसपेपरवर करून घ्या. गाडीचा नंबर टिपा, पोलिसांत खबर द्या, औषधांच्या पावत्या जपा. पगारपत्रक नसलेल्या मजुरानेही मागे हटू नये. हे दावे ऐकणारे मोटार अपघात दावा न्यायाधिकरण किमान वेतनाचा आधार घेऊ शकते. अर्ज आपण राहतो त्या भागातल्या न्यायाधिकरणातही करता येतो. वकिलाची फी परवडत नसेल, तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात चौकशी करा. दाव्यासाठी कायद्यात सहा महिन्यांची मुदत लिहिली आहे. तिला न्यायालयात आव्हान दिले गेले आहे, पण त्या भरवशावर थांबू नका. अर्ज मुदतीतच करा.