उग्र वासाची चीज
(मंडळाच्या कोजागरीच्या सभेत, कोरमंगला येथे केलेले भाषण)



कोजागरीच्या आटीव दुधाऐवजी मुद्दाम बुरशी धरू दिलेल्या दुधावर बोलण्याची परवानगी आम्ही मागून घेतली आहे. मराठीत 'चीज' हा शब्द भाग्यवान आहे. कष्टांचे चीज होते, गवई बैठकीत चीज मांडतो, आणि पावाच्या दोन कापांमध्येही चीज असते. पहिल्या दोहोंचे मूळ फारसीत, तिसऱ्याचे इंग्रजीत. या तिसऱ्या चीजशी आमचा परिचय इतके दिवस डब्यातल्या गुळगुळीत, निरुपद्रवी वडीपुरताच होता. गेल्या महिन्यात आम्ही काही ज्येष्ठ सभासदांनी निळ्या बुरशीचे चीज प्रथमच चाखले.

वेष्टनावरील हिरवा ठिपका आधी पाहून घेतला होता. युरोपातील पुष्कळशा परंपरागत चीजमध्ये दूध साकळण्यासाठी वासराच्या जठरातील रेनेट वापरतात, आणि आमच्यातील शाकाहारी मंडळींना ते चालणारे नव्हते. वेष्टन उघडताच जो दर्प सुटला त्याला कोणी 'कुबट' म्हटले, कोणी 'खवट', कोणी 'आंबूस'. जिभेवर प्रथम मीठ आले, मग लोण्याचा स्निग्धपणा, आणि अखेरीस नाकात चढणारी झणझण. दोघांनी तुकडा बशीतच ठेवला. एकाने दुसरा तुकडा ज्वारीच्या भाकरीबरोबर मागून घेतला.

हा वास कशाचा, याचा शोध घेता मोठी मौज हाती लागली. निळ्या चीजमध्ये पेनिसिलियम रोकफोर्टी नावाची बुरशी दुधातील स्निग्धांश फोडते, आणि त्यातून ती झणझण उपजते. लिंबर्गरसारख्या चीजची साल मिठाच्या पाण्याने वारंवार धुतात. तिच्यावर वाढणाऱ्या जिवाणूंचे भाऊबंद माणसाच्या पायाच्या त्वचेवर राहतात. त्यामुळे त्या चीजला पायमोज्यांचा वास येतो, ही निंदा नसून वस्तुस्थिती आहे! हिवतापाचा प्रसार करणारा आफ्रिकेतील एक डासही या वासाकडे ओढला जातो, असे डच संशोधकांनी १९९६ साली दाखविले.

त्याहून विचार करायला लावणारा प्रयोग २००१ सालचा. रेचेल हर्झ आणि ज्युलिया फॉन क्लेफ यांनी लोकांना एकच वास दोनदा दिला. एकदा 'पार्मेझान चीज' म्हणून, एकदा 'वांती' म्हणून. नाव बदलताच लोकांचे मत पालटले. आपण वास घेतो त्यात नाकाचा वाटा किती आणि ऐकीव नावाचा किती, याची ही कसोटीच होय.

आपल्या घरचेच उदाहरण पाहा. हिंगाच्या खड्याला युरोपात 'सैतानाची विष्ठा' म्हणत आले. आपली आमटी मात्र त्याच्यावाचून अळणी. तो हिंगही परका, इराण-अफगाणिस्तानातून येणारा. परक्या वासाला एवढे घरचे करून घेणाऱ्या आपण परक्या वासाने दचकावे, हे नवलच.

दुधाच्या शास्त्राशी आपल्या या परिसराचे नाते जुने आहे. शेजारच्या आडुगोडीत १९२३ साली पशुसंवर्धन व दुग्धव्यवसायाची सरकारी संस्था निघाली. १९२७ साली गांधीजींनी तेथे येऊन गोपालनाचे धडे घेतले. पुढे १९५५ साली मुख्यालय कर्नालला गेले, तरी दक्षिण विभागाचे केंद्र येथे राहिले.

आता मुख्य मुद्दा. आमच्यापैकी काही कुटुंबांना या शहरात घर मिळताना सुक्या बोंबलांच्या वासावरून नकार ऐकावा लागला. ते दुःख त्यांनी आमच्याजवळ बोलून दाखविले आहे. परंतु आपल्याच स्नेहभोजनाच्या बैठकीत 'जवळा-सुकटीचे नाव नको' असे म्हणणारेही आम्हीच आहोत. घरमालकाने केले तो अन्याय आणि आम्ही केली ती शिस्त, असे कसे म्हणता येईल? ज्याच्या डब्याला नाक मुरडले, त्याच्या आईच्या स्वयंपाकघरालाच आपण नाक मुरडलेले असते. मग तो माणूस डबा आणणे थांबवितो, आणि पुढे येणेही थांबवितो.

शाकाहार हे व्रत आहे, त्याचा मान राहिलाच पाहिजे. पंगत वेगळी असावी, भांडी वेगळी असावीत. कोणी कोणाला आग्रह करू नये. न खाण्याचा हक्क प्रत्येकाला आहे, दुसऱ्याच्या पानाला नावे ठेवण्याचा कोणालाही नाही.

म्हणून सुवर्णमहोत्सवी वर्षात आमची एक सूचना आहे. एक दिवस ठरवावा आणि प्रत्येक कुटुंबाने आपल्या घरचा सर्वांत उग्र वासाचा पदार्थ आणावा. कोकणातून सुकट येईल, देशावरून लसणीचा ठेचा येईल, परप्रांतांतून आलेल्या सुना-जावयांचे पदार्थ येतील, आणि एखाद्या बशीत निळे चीजही राहील. कार्यकारिणीने या सूचनेचा विचार करावा, अशी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.