तळघरातील ओल आणि पाण्याची वाट
(सीमाभागातील ग्रामस्थ, शिक्षक व कर्मचारी यांच्यापुढे झालेले भाषण)



बीदर व कलबुर्गी जिल्ह्यांच्या या सीमाभागात जुन्या वाड्यांखाली तळघर असे आणि ज्वारीसाठी जमिनीत पेव असे. कानडीत त्याला हगेवु म्हणतात. पेवे आता कमी झाली. तळघरांत मात्र तुरीची व हरभऱ्याची पोती अजूनही ठेवली जातात. पावसाळ्यात तेथे पाणी झिरपले की वर्षाच्या बेगमीस बुरशी लागते. अशा धान्याचा भाव उतरतो, एवढ्यावर हे थांबत नाही. काही बुरशींचे विष धान्य शिजवूनही जात नाही.

ओल दिसताच आतून सिमेंटचा गिलावा करण्याकडे आपला ओढा असतो. माझ्या मते हा खर्च बहुधा वाया जातो. भिंतीमागे तुंबलेल्या पाण्याचा दाब तसाच राहतो आणि गिलावा फुगून सुटतो. पाणी भिंतीशी पोचण्यापूर्वीच त्यास दुसरी वाट दिली पाहिजे.

ती वाट जमिनीवर अवलंबून आहे. बीदरच्या पठारावर वर जांभा दगड आहे व त्याखाली काळा पाषाण. जांभा सच्छिद्र असल्याने पावसाचे पाणी त्यात सहज मुरते. खालच्या कठीण थरावर ते अडते आणि मग आडवे वाहू लागते. तळघर या वाटेत आले की पाणी बाजूच्या भिंतीतून येते, तेही पाऊस थांबल्यावर कित्येक दिवस. बहामनी काळातील कारागिरांनी हेच मुरलेले पाणी कामास लावले. बीदरजवळील नौबादचा करेझ, ज्याला लोक सुरंग बावी म्हणतात, तो म्हणजे जमिनीखालून नेमक्या उताराने काढलेला बोगदा. त्यात झिरपलेले पाणी मोट वा पंप न लावता आपोआप वाहत जाते. आपल्या घराभोवतीचा चर हे त्याचेच लहान रूप समजावे.

कलबुर्गीकडील काळ्या जमिनीची गोष्ट वेगळी. ती उन्हाळ्यात आकसून भेगाळते आणि मृगाचे पहिले पाणी भिंतीलगतच्या भेगांतून थेट पायथ्याशी उतरते. त्यात माळवदाची पन्हाळ भिंतीजवळच गळत असेल, तर दोष जमिनीस देऊ नये! येथे प्रथम पन्हाळीचे पाणी नळाने दूर सोडावे, पावसापूर्वी भेगा बुजवाव्यात आणि भिंतीपासून 10 फुटांपर्यंत जमिनीस निदान 6 इंच बाहेरचा उतार द्यावा. पुष्कळ घरांत एवढ्यानेच काम भागेल.

चर खणण्यापूर्वी एक साधी परीक्षा करावी. भिंतीवर हातभर प्लॅस्टिकचा तुकडा चारही कडांनी चिकटवून दोन दिवस ठेवावा. भिंतीकडील बाजू ओली झाली तर पाणी भिंतीतून येत आहे. खोलीकडील बाजूवर थेंब जमले तर ती दमट हवेची ओल आहे. तिला चर नको, झरोका हवा.

चराची जरुरी ठरल्यास तो घराच्या चढाकडील बाजूस, तळघराच्या जमिनीहून किंचित खोल घ्यावा. मात्र पायाच्या बुडापेक्षा खोल जावे लागत असेल तर तो भिंतीस खेटून खणू नये, पाया खचेल. अंतर जाणत्या गवंड्याकडून वा अभियंत्याकडून ठरवून घ्यावे. चरात गाळणीचे कापड अंथरून खडी घालावी, तीवर छिद्रे खाली करून नळ ठेवावा, पुन्हा खडी भरून कापड वरून दुमडावे. नळास 100 फुटांमागे 1 फूट उतार पुरे. त्याचे तोंड ओढ्याकडे, उघड्यावर असावे. शेजाऱ्याच्या भिंतीकडे अथवा पिण्याच्या विहिरीत ते कदापि सोडू नये. उतार मिळतच नसेल तर एका खड्ड्यात पाणी जमवून पंपाने काढावे लागेल. पण वीज बहुधा ऐन पावसातच जाते, हे ध्यानात ठेवावे.

ज्यांच्याकडे अद्याप पेव आहे त्यांना एक निकडीची सूचना. बंद पेवातील धान्य, विशेषतः ओले धान्य, हवेतील प्राणवायू संपविते व कर्बद्विप्राणील वायू तळाशी साठतो. आत उतरून माणसे दगावली आहेत. झाकण काढून पुष्कळ वेळ हवा खेळू द्यावी, एकट्याने उतरू नये, कमरेस दोर बांधावा व त्याचे टोक वरच्या माणसांनी धरावे. आतला माणूस बेशुद्ध झाल्यास त्याच्यामागे कोणीही उडी घेऊ नये. त्यास दोरानेच वर ओढावे.