जुन्या लॅपटॉपवर कोणतं लिनक्स टाकायचं?

औशाहून बोलतोय. गेल्या काही महिन्यांत मला सगळ्यात जास्त विचारला गेलेला प्रश्न एकच. लॅपटॉप आठ-नऊ वर्षांचा आहे, बरा चालतोय, पण विंडोज १० चा आधार संपला अशी सूचना येते. मग आता काय करायचं?

मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ ला हा आधार थांबवला. घरगुती वापरासाठी १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मुदतवाढ मिळते, तेवढीच. विंडोज ११ ला टीपीएम २.० लागतं, आणि इंटेलचा प्रोसेसर असेल तर साधारण आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा. म्हणजे २०१७ च्या आधीची बहुतेक मशीनं बाद.

हिशोब करून बघा. बरा नवा लॅपटॉप चाळीस हजारांचा धरला, आणि सोयाबीनचा २०२५-२६ चा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये, तर साडेसात क्विंटल सोयाबीन झालं. तेही हमीभाव मिळाला तर. सप्टेंबरच्या अतिवृष्टीत ज्याच्या रानात पाणी थांबलं, त्याला हा हिशोब सांगायला जीभ रेटत नाही. एक लेकरू लातूरला क्लासला, दुसरं घरी, आणि वर नवा लॅपटॉप. दुसरी वाट म्हणजे कुणाकडून तरी क्रॅक मारलेलं विंडोज टाकून घ्यायचं. त्याच मशीनवर तुम्ही बँकेचा पासवर्ड टाकणार, एवढंच मी म्हणतो.

तिसरी वाट लिनक्स. इंग्रजीत 'फ्री' म्हटलं की फुकट की मुक्त, हा घोळ होतो. आपल्याकडे दोन्हीला वेगळे शब्द आहेत, बरं आहे. लिनक्स मुक्त आहे: कोड बघा, बदला, वाटा. आणि बहुतेक ठिकाणी फुकटही आहे. लिनस टोरवाल्ड्स या फिनलंडच्या विद्यार्थ्याने १९९१ मध्ये याचा गाभा लिहिला. गाभा म्हणजे ज्वारीचं पीठ समजा. एकाच पिठाची कुणी भाकरी करतं, कुणी धपाटं, कुणी आंबील. त्या प्रत्येक पदार्थाला इथे डिस्ट्रिब्युशन म्हणतात, बोलताना डिस्ट्रो. असे शेकड्यांनी आहेत, आणि नवा माणूस तिथंच गांगरतो.

माझं उत्तर सरळ आहे. लिनक्स मिंट. आठ जीबी रॅम असेल तर सिनॅमन आवृत्ती, चार असेल तर एक्सएफसीई. खाली डाव्या कोपऱ्यात मेनू, पट्टीवर उघडलेल्या खिडक्या, उजवीकडे घड्याळ. विंडोजवर हात बसलेल्या माणसाला नवं काही शिकावं लागत नाही. मिंट २२ ला २०२९ पर्यंत अपडेट मिळणार आहेत. मिंट उबुंटूवर उभं आहे, उबुंटू डेबियनवर. त्यामुळे अडलं की उबुंटूसाठी लिहिलेला उपाय बहुधा इथेही लागू पडतो. नवख्यासाठी हे लई मोठं आहे. डिस्ट्रो निवडताना मी चकाचक दिसण्याला महत्त्व देत नाही. रात्री अकराला वायफाय गेलं तर उत्तर कुठे सापडेल, हे बघतो.

झोरिनही चालेल, दिसायला देखणं आहे. काही जण विचारतात, आपलं भारतीय नाही का? आहे. सी-डॅकचं बॉस लिनक्स, तेही डेबियनवरच. अभिमान वाटावा असं काम आहे, पण घरी पहिल्यांदा टाकणाऱ्याला मी ते सुचवत नाही, कारण अडचण आली तर विचारायला माणसं कमी. केरळमध्ये शाळांतून मुक्त सॉफ्टवेअर शिकवतात, तिथं शिक्षकालाच ते येतं. आपल्याकडे ती सोय नाही, म्हणून गर्दीबरोबर राहिलेलं बरं.

कॉलेजच्या पोरांना एक सांगतो. व्हिडिओ बघून काली लिनक्स टाकू नका. ते सुरक्षा तपासणाऱ्यांचं हत्यार आहे. ते बनवणारेच म्हणतात की लिनक्सची ओळख नसलेल्याने हे घेऊ नये. 'दादा, हॅकिंग शिकायचंय' म्हणणाऱ्यांनी आधी वर्षभर मिंट वापरावं.

आता अडचणी, कारण त्या लपवल्या तर तुम्ही आठ दिवसांत परत विंडोजकडे जाल. टॅली प्राइम थेट चालत नाही. आधारच्या अंगठ्याची मशीनं मुख्यतः विंडोज आणि अँड्रॉइड धरून बनलेली असतात, म्हणून सेवा केंद्र चालवत असाल तर त्या मशीनला हात लावू नका. कॅननचा एलबीपी २९०० प्रिंटर, जो आपल्याकडे दर दुसऱ्या झेरॉक्सच्या दुकानात दिसतो, त्याला वेगळा ड्रायव्हर लागतो आणि नवख्याला तो बसवणं जड जातं. एचपीचे बरेच प्रिंटर मात्र आपोआप ओळखले जातात.

मराठीचं काय? युनिकोड उत्तम दिसतं. कीबोर्डच्या सेटिंगमध्ये मराठी इन्स्क्रिप्ट निवडा, झालं. कृतिदेव किंवा श्रीलिपीतल्या जुन्या फाइली मात्र तो फॉन्ट नसेल तर अगम्य दिसतील, त्या आधीच युनिकोडमध्ये करून ठेवा. वर्डच्या जागी लिब्रेऑफिस येतं. साधा अर्ज, बायोडेटा, मार्कांचा तक्ता यात काही अडत नाही. शिकायला आयआयटी मुंबईचे स्पोकन ट्युटोरियल आहेत, त्यातले बरेच मराठीतही आहेत आणि फुकट आहेत.

टाकायच्या आधी चालवून बघा, हे सगळ्यात महत्त्वाचं. आठ जीबीचा पेनड्राइव्ह घ्या. मिंटच्या मूळ संकेतस्थळावरून फाइल उतरवा, तीन जीबीच्या आसपास असते, रात्री लावून ठेवा. एचर किंवा रूफस वापरून ती पेनड्राइव्हवर चढवा. लॅपटॉप सुरू होताना एफ १२, एफ ९ किंवा एस्केप, कंपनीप्रमाणे बटण वेगळं, दाबून पेनड्राइव्ह निवडा. हार्डडिस्कला न शिवता मिंट उघडेल. आता वायफाय, आवाज, कॅमेरा, टचपॅड तपासा. झाकण मिटून उघडा, जागं होतंय का बघा. वायफाय सापडलं नाही तर घाबरू नका. फोन केबलने जोडा, यूएसबी टेदरिंग चालू करा, आणि ड्रायव्हर मॅनेजर उघडा. बऱ्याचदा तिथंच औषध मिळतं.

पेनड्राइव्हवरून ते हळू चालेल, त्यावरून मत बनवू नका. आणि मशीनमध्ये जुनी फिरती हार्डडिस्क असेल तर डिस्ट्रो कोणताही टाका, आधी एसएसडी बसवा.

इन्स्टॉल करताना 'पूर्ण डिस्क पुसा' हा पर्याय येतो. तो दाबण्याआधी फोटो, सातबाराच्या पीडीएफ, मार्कशीट सगळं बाहेरच्या डिस्कवर घ्या, आणि ती डिस्क दुसऱ्या मशीनला लावून उघडून बघा. विंडोज शेजारी ठेवायचं असेल तर बिटलॉकर चालू आहे का तपासा, त्याची रिकव्हरी की कागदावर लिहून ठेवा. प्रिंटरबद्दल बरेच प्रश्न आलेत, ते पुढच्या भागात घेऊ.