फिरवणे वेगळे, ताणणे वेगळे

(संस्थेच्या पालक-विद्यार्थी मेळाव्यात केलेले भाषण)



मी भाषेचा शिक्षक. संगणकावर बोलण्यासाठी मला उभे करण्यात आले याचे काहींना नवल वाटेल. मलाही वाटले. परंतु गेल्या वर्षी घरच्या एका अडचणीमुळे मला घराचा आराखडा संगणकावर काढण्याचे काम शिकावे लागले. त्यात मी ज्या चुका केल्या त्या आपल्यासमोर मांडाव्यात, एवढाच हेतू.

प्रथम अडचण सांगतो. अर्धांगाच्या आजारानंतर माझ्या अम्मीला चाकांच्या खुर्चीचा आधार घ्यावा लागला. थोरले बंधू आखातात नोकरीस आहेत. त्यांनी पैसे पाठविले आणि घराच्या मागील बाजूस आम्ही तिच्यासाठी 8 फूट रुंद व 11 फूट लांब अशी एक खोली व त्याला लागून न्हाणीघर बांधले. तिची एकच इच्छा होती. रात्री कोणाला हाक न मारता आपले आपण पलंगावरून खुर्चीवर आणि खुर्चीवरून न्हाणीघरात जाता यावे. पलंग मात्र जुनाच हवा होता. तो अब्बांनी स्वतः लाकूड निवडून करवून घेतलेला, सागवानी, साडेसहा फूट लांब व पाच फूट रुंद.

आमच्या संगणक-कक्षात मुले 'स्वीट होम थ्री-डी' नावाचा कार्यक्रम वापरतात. इमॅन्युएल प्युबारे या फ्रेंच गृहस्थाने तयार केलेला हा कार्यक्रम 2006 साली प्रथम बाहेर आला. तो विनामूल्य आहे, म्हणूनच आपल्यासारख्या शाळेला परवडतो. यात वरून पाहिलेला नकाशा काढावयाचा आणि त्याच वेळी शेजारी खोली उभी राहिलेली दिसते. पलंग, कपाट, मेज अशा वस्तू यादीतून उचलून नकाशात ठेवावयाच्या. एखादी वस्तू निवडली की तिच्या चार कोपऱ्यांवर चार खुणा उमटतात. एका खुणेने वस्तू फिरते, दुसरीने जमिनीपासून वर उचलली जाते, तिसरीने उंची बदलते आणि चौथीने लांबी-रुंदी. मुलांना हे अर्ध्या तासात येते. मला तीन दिवस लागले.

माझे म्हणणे या चारांपैकी दोन खुणांविषयी आहे, फिरवण्याची आणि ताणण्याची. पडद्यावर त्या सारख्याच दिसतात आणि दोन्हींना माउसचा एकच झटका पुरतो. प्रत्यक्षात मात्र त्यांच्यात फार अंतर आहे. फिरवल्याने वस्तूची जागा व दिशा बदलते, वस्तू तीच राहते. ताणल्याने वस्तूच दुसरी होते. पडद्यावरचा पलंग एक फूट आखूड झाला म्हणून घरातला पलंग आखूड होत नाही, हे ऐकताना आपण हसाल. पण संगणकापुढे बसल्यावर याचे भान सुटते. माझे सुटले.

आधी फिरवण्याचे सांगतो. पलंग खोलीत आडवा होता, म्हणजे 8 फुटांच्या रुंदीत त्याची साडेसहा फुटांची लांबी. पायाशी दीड फूट उरत होते. तेथून खुर्ची जाणे शक्य नव्हते. मी पडद्यावर पलंग 90 अंशांत फिरवला. तो खोलीच्या लांबीत सुरेख बसला आणि बाजूला तीन फुटांची वाट मोकळी झाली. रविवारी आम्ही चार माणसे लागलो. पलंग जमिनीवरच सरकवत फिरवू लागलो आणि अर्ध्यावर त्याचे दोन कोपरे दोन्ही भिंतींना टेकले. जोर लावला तेव्हा नव्या गिलाव्याचा पोपडा निघाला, पलंग मात्र हलला नाही.

असे का झाले? दुसऱ्या दिवशी नववीच्या वर्गात मी ही हकीकत सांगितली. एका विद्यार्थिनीने तेथेच पुठ्ठ्याचा तुकडा प्रमाणात कापला, दोन पट्ट्यांच्या मध्ये ठेवून फिरवला आणि म्हणाली, "सर, कर्ण मोजा." पायथागोरसचा सिद्धांत तिला पाठ होता, मलाही एके काळी होता. साडेसहाचा वर्ग सव्वाबेचाळीस, पाचाचा पंचवीस. बेरीज सव्वासदुसष्ट, तिचे वर्गमूळ 8.2. म्हणजे पलंगाचा कर्ण 8 फूट अडीच इंचांच्या आसपास. खोली 8 फूट, तीही विटेपासून विटेपर्यंत. गिलाव्याने दोन्ही बाजूंनी अर्धा-अर्धा इंच खाल्ला होता. सुरुवातीची स्थिती बसते, शेवटची स्थिती बसते, पण मधली बसत नाही. संगणक ही मधली स्थिती तपासत नाही. पडद्यावरचा पलंग भिंतीतून आरपार फिरतो आणि कोणी हरकत घेत नाही. शिवाय तो स्वतःच्या मध्यबिंदूभोवती फिरतो. आपण घरात फिरवतो तो एका पायावर.

येथे थोडे विषयांतर करतो. वस्तू मनात फिरवणे ही माणसाची जुनी शक्ती आहे. शेपर्ड व मेट्झलर या दोन अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी 1971 साली यावर प्रयोग प्रसिद्ध केला. ठोकळ्यांच्या आकृतींची जोडी दाखवून दोन्ही एकच आहेत की नाहीत हे लोकांना विचारले. दोहोंतील कोन जितका मोठा, तितका उत्तराला वेळ अधिक लागला. जणू प्रत्येक जण आकृती डोक्यात हळूहळू फिरवून पाहत होता. आपले सुतार-गवंडी हेच करतात. दारात कपाट अडले की ते क्षणभर गप्प उभे राहतात, ते याचसाठी. ज्या मुलांचे वडील हा धंदा करतात त्यांनी तो सांगताना मान खाली घालण्याचे कारण नाही. संगणकावर त्यांचाच हात सर्वांआधी बसतो, असा माझा अनुभव आहे.

शेवटी पलंग खोलून पुन्हा जोडला. तीन फुटांच्या वाटेने खुर्ची आत गेली, पण वळेना. चाकांच्या खुर्चीला पूर्ण वळण्यासाठी सुमारे 150 सेंटिमीटर व्यासाची, म्हणजे जवळजवळ पाच फुटांची मोकळी जागा धरतात. बाजूला तीन फूट आणि पायाशी साडेचार. अम्मी आत जाई आणि उलट्या चाकांनी बाहेर येई, तेही कोणी मागून धरले तर.

मग मी ताणण्याच्या मागे लागलो. पलंग पाचाऐवजी तीन फूट रुंद असता तर बाजूला पाच फूट उरतील, हे दिसत होते. मोजमापांच्या चौकटीत मी 152 सेंटिमीटरच्या जागी 91 लिहिले. खोली एकदम प्रशस्त दिसू लागली. मी ते चित्र छापून सुतारचाचांना दाखवले. त्यांनी चष्मा लावून आकडे वाचले आणि विचारले, "मास्तर, यावर झोपणार कोण?" लांबी 119 सेंटिमीटर झाली होती. 'प्रमाण कायम ठेवा' अशी एक खूण त्या चौकटीत असते, ती मी काढलीच नव्हती. रुंदी कमी होताच लांबी आणि उंचीही त्याच प्रमाणात आक्रसली. खोली प्रशस्त दिसत होती, कारण पलंग पाळण्याएवढा झाला होता.

मुलांची नेहमीची आणखी एक चूक येथेच सांगून टाकतो. वस्तू 90 अंशांत फिरवल्यावर नकाशात तिची लांबी-रुंदी अदलाबदल झाल्यासारखी दिसते. चौकटीतील आकडे मात्र वस्तूचे स्वतःचे असतात, खोलीचे नव्हेत. म्हणून आधी आकडा लिहावा, मग फिरवावे.

चूक दुरुस्त करून मी 91 आणि 198 लिहिले. आता चित्र खरे होते, पण पलंग अजून पाच फुटांचाच होता. चाचा म्हणाले, कापता येईल. संगणकावर कंट्रोल आणि झेड दाबले की मागचे सर्व परत येते. करवतीला ती सोय नाही. मी आठ दिवस अम्मीपुढे विषय काढला नाही. शेवटी छापलेले चित्र तिच्या हाती दिले आणि खुर्ची कोठे वळेल ते बोटाने दाखवले. तिने बराच वेळ पाहिले. मग उशाकडील नक्षीदार फळीवर बोट ठेवून विचारले, "हे राहील ना?"

ते राहिले. चाचांनी दोन्ही बाजूंनी एक-एक फूट काढला, नक्षीचे मधले फूल अखंड ठेवले आणि बाजूच्या पट्ट्या नव्याने जोडल्या. कापण्यापूर्वी त्यांनी माझ्या नकाशावर विसंबून न राहता गिलाव्यापासून गिलाव्यापर्यंत खोली स्वतः टेपने मोजली. सात फूट अकरा इंच. पलंगाचे तीन फूट वजा जाता चार फूट अकरा इंच, म्हणजे जेमतेम 150 सेंटिमीटर. न्हाणीघराचे दार आत उघडत होते, तेही बाहेर उघडेल असे फिरवून बसवले.

उरलेल्या सागवानाची एक फळी अम्मीच्या खुर्चीतून हात पोचेल एवढ्या उंचीवर ठोकली आहे. तिच्यावर औषधे, चष्मा आणि पाण्याचा तांब्या असतो. पहिल्या रात्री मी दाराबाहेर जागाच होतो. दोनच्या सुमारास खुर्चीची चाके वाजली, न्हाणीघराचा दिवा लागला आणि थोड्या वेळाने विझला. हाक आली नाही.