यशाचा न्यास

(सुवर्णमहोत्सवी समारंभातील व्याख्यानाचा संपादित भाग)



सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने 'न्यास' हा शब्द सध्या सर्वांच्या तोंडी आहे. व्यवहारात न्यास म्हणजे ट्रस्ट. परंतु या शब्दाचा मूळ अर्थ आहे ठेव. एकाने विश्वासाने दुसऱ्याच्या स्वाधीन केलेली आणि मागताच पूर्ण परत करावयाची वस्तू, ती न्यास. आचार्य उमास्वामींनी तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात सत्याणुव्रताचे जे पाच अतिचार सांगितले आहेत, त्यांत 'न्यासापहार' हा एक आहे. पूज्यपाद आचार्यांच्या 'सर्वार्थसिद्धी' टीकेत त्याचे मोठे सूक्ष्म विवरण येते. ठेव ठेवणारा आपण किती ठेवले होते हे विसरला आणि परत घेताना कमी मागू लागला, तर 'होय, एवढेच होते' असे म्हणून त्यास संमती देणे, हा न्यासापहार होय. येथे कोणी कुलूप तोडलेले नाही की खोटा दस्त केलेला नाही. दुसऱ्याच्या विस्मरणाचा लाभ घेतला, एवढेच. आणि हा दोष आचार्यांनी अचौर्याच्या अतिचारांत न धरता सत्याच्या अतिचारांत धरला आहे, हे विशेष ध्यानात घेण्यासारखे आहे.

आजच्या तरुण उद्योजकाच्या यशाचा विचार याच दृष्टीने करणे अगत्याचे झाले आहे. केंद्र शासनाची 'स्टार्टअप इंडिया' योजना जानेवारी २०१६ मध्ये सुरू झाली आणि 'स्टार्टअप' हा शब्द तालुक्याच्या गावापर्यंत पोहोचला. जैन समाजाला उद्योजकता काही नवी नाही. नवे आहे ते यश सांगण्याचे साधन. २००३ साली लिंक्डइन, २००४ साली फेसबुक, २०१० साली इन्स्टाग्राम अशी ही माध्यमे एकामागून एक आली. पूर्वी व्यापाऱ्याची कीर्ती त्याच्या पेठेत असे, आणि पेठेला त्याचा पूर्वेतिहास ठाऊक असे. दुकानाचे पहिले भांडवल कोणी दिले, माल उधारीवर कोणी सोडला, हे शेजारचा दुकानदार जाणत होता. आज ज्यांच्यासमोर यशोगाथा मांडली जाते त्या हजारो वाचकांना यातले काहीच माहीत नसते. सांगणारा जेवढे सांगेल तेवढेच खरे ठरते. न्यासापहाराला याहून सोयीची जागा कोणती असणार?

अशा कथनात एक वाक्य हमखास येते: 'शून्यातून उद्योग उभा केला.' या शून्याची थोडी चौकशी केली पाहिजे. जळगावचे भवरलाल जैन यांनी १९६३ साली रॉकेलच्या विक्रीपासून व्यवसायास प्रारंभ केला. पुढे ठिबक सिंचनाच्या क्षेत्रात त्यांच्या उद्योगाने देशाबाहेरही नाव मिळविले आणि २००८ साली त्यांना 'पद्मश्री'ने गौरविण्यात आले. त्यांच्या प्रारंभाची जी हकीकत सांगितली जाते, तीत भांडवलाचा आकडा येतो सात हजार रुपये. आणि त्या आकड्यासोबतच येते ती त्याची ओळख: तीन पिढ्यांची बचत. या तीन शब्दांनी शून्य भरून निघते. कोणी आजोबा पोटाला चिमटा घेऊन चार पैसे मागे टाकतात, कोणी आजी सणालाही नवे लुगडे घेत नाही, आणि त्या न घेतलेल्या लुगड्याची किंमत नातवाच्या भांडवलात जमा होते. अशी ठेव ठेवणारी माणसे बहुधा हिशेब मागायला येत नाहीत. म्हणूनच तो आपण होऊन ठेवावयाचा असतो.

दुसरे उदाहरण सोलापूरच्या दिगंबर जैन कुटुंबात १८८२ साली जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांचे. घरच्या व्यापाराबाहेर पडून त्यांनी रेल्वेची बांधकाम-कंत्राटे घेतली, ती लक्ष्मणराव फाटक या रेल्वेतील माजी कारकुनाच्या भागीदारीत. पुढे या व्यवसायाला जे नाव मिळाले ते 'फाटक-वालचंद'. भागीदाराचे नाव आधी, स्वतःचे नंतर. ५ एप्रिल १९१९ रोजी 'लॉयल्टी' हे जहाज मुंबईहून लंडनकडे निघाले. त्याच्या स्मरणार्थ हा दिवस आज राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो. या साहसातही नरोत्तम मोरारजी आणि किलाचंद देवचंद यांच्यासारखे सहकारी होते. पाटीवरची नावे जागच्या जागी राहिली, म्हणून आज शंभर वर्षांनंतरही फाटकांचे नाव घेता येते.

मग तरुणांनी समाजमाध्यमांपासून दूरच राहावे काय? तसे म्हणणे व्यवहाराला धरून होणार नाही. लहान गावातून मसाले किंवा हातमागाचे कापड विकणाऱ्या मुलीला मोबाईलवरूनच ग्राहक मिळतो, आणि गुंतवणूकदारही तेथेच तिची पारख करतो. शिवाय जैन परंपरेत गुप्तदानाचा महिमा मोठा असल्याने, मौन म्हणजेच विनय असाही एक समज आहे. येथे विवेक केला पाहिजे. गुप्त ठेवावयाचे असते ते आपण दिलेले. आपणांस मिळालेले गुप्त ठेवण्यास कोणत्याही शास्त्राने सांगितलेले नाही. दिलेले झाकावे आणि घेतलेले उघड करावे, हा सज्जनांचा क्रम होय. समाजमाध्यम हा क्रम नेमका उलटा करावयास शिकविते: दान देतानाचे छायाचित्र झळकते आणि पहिले भांडवल देणाऱ्या मामांचे नाव कोठेच नसते.

तत्त्वार्थसूत्राच्या सहाव्या अध्यायात नीचगोत्राच्या आस्रवाची जी कारणे दिली आहेत, ती आज वाचताना मनुष्य चपापतो. दुसऱ्याची निंदा, स्वतःची प्रशंसा, दुसऱ्याचे असलेले गुण झाकणे आणि स्वतःचे नसलेले गुण प्रकट करणे. पहिल्या दोहोंची जाणीव बहुतेकांना असते. खरी सावधगिरी तिसऱ्याबाबत हवी. कारण झाकण्यासाठी काही करावे लागत नाही, केवळ उल्लेख टाळला की पुरे. मान कषाय असा आवाज न करता आत शिरतो.

मात्र कृतज्ञतेचेही प्रदर्शन होऊ शकते, हे विसरून चालणार नाही. 'माझ्या सर्व सहकाऱ्यांचे आभार' असे लिहिणे सोपे आहे. परंतु त्याच वेळी खोक्यांचा पुरवठा करणाऱ्या लहान कारखानदाराचे देयक चार महिने थकलेले असेल, तर त्या आभारांना काय अर्थ? सूक्ष्म व लघु उद्योगांना जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे चुकते करावेत, असे २००६ च्या कायद्याने घालून दिले आहे. श्रावकाने तरी कायद्याची आठवण होण्यापूर्वीच ठेव परत करावी. आरंभी अर्ध्या पगारावर राबलेल्या सहकाऱ्यास उद्योग वाढल्यावर त्यात हिस्सा मिळावा. वडिलांनी निवृत्तीची पुंजी दिली असेल, तर ती वहीत त्यांच्या नावे जमा दिसावी. कृतज्ञतेचे पहिले स्थान हिशेबाची वही, दुसरे स्थान घरातील बोलणे आणि समाजमाध्यम हे तिसरे. पहिली दोन रिकामी असताना तिसरे भरले, तर तो देखावा ठरतो.

आणखी एक मर्यादा. सत्याच्या पाच अतिचारांत दुसऱ्याची गोष्ट उघड करण्याचाही दोष सांगितला आहे. ज्याने अडचणीत मदत केली त्यास प्रसिद्धी नको असेल, तर त्याच्या इच्छेचा मान राखावा. त्याचे नाव न घेताही 'हे एकट्याचे काम नव्हे' एवढे सत्य सांगता येते.

दीपावलीला वहीपूजन होते. त्या दिवशी तरुण उद्योजकांनी एक स्वतंत्र पान घ्यावे आणि वर्षभरात ज्यांच्याकडून पैसा, वेळ, सल्ला, ओळख किंवा विश्वास मिळाला, त्यांची नावे जमेच्या बाजूस लिहावीत. समोर, परत काय केले ते लिहावे. हे पान कोणास दाखविण्याची आवश्यकता नाही. प्रतिक्रमणात दोषांचे आलोचन होते, तसे या पानावर उपकारांचे स्मरण होईल, आणि ज्या नावांपुढची जागा कोरी राहील ती पुढील वर्षाची कामे सुचवील.

पन्नास वर्षांपूर्वी या न्यासासाठी ज्यांनी झोळी फिरविली, त्यांपैकी काहींची नावे संगमरवरी पाटीवर आहेत. बऱ्याच जणांची नाहीत. कोणी मुठीतले दोन रुपये दिले, कोणी बांधकामावर पाणी मारले, कोणी पंगतीची भांडी घासली. त्यांच्या श्रमांवर उभ्या राहिलेल्या या सभागृहात बसून पुढील पिढी आपल्या उद्योगाची स्वप्ने पाहणार आहे. ठेव ठेवणारे आता मागावयास येणार नाहीत; परंतु त्यांच्यापैकी जेवढ्यांची नावे ज्येष्ठांना आठवतात, तेवढी तरी या वर्षी टिपून ठेवावीत. तरुणांनी वही घ्यावी, ज्येष्ठांनी सांगावे. सुवर्णमहोत्सवाचे याहून उचित कार्य दुसरे नाही.

जय जिनेंद्र!