हलकी बंदूक आणि जड छर्रा

नाळे व सोपारा या दोन गांवांच्या नांवांतून जुळलेल्या नालासोपाऱ्यांत आज इमारतींची दाटी झाली आहे. तरी खाडीच्या अंगास गेलें तर मिठागरें, तिवरांची झाडी आणि उरलींसुरलीं भाताचीं खाचरें अद्यापि दृष्टीस पडतात. हिवाळ्यांत अशा जागीं उत्तरेकडून बदकें उतरतात, आणि चिखलांत चोंच खुपसून पाणलावा किडे टिपीत असतो. पाणलाव्याचें वजन तें काय? शंभर ग्रॅमांच्या आसपास. शिकारीस मोकळीक होती त्या काळीं अशा चिमुकल्या पक्ष्यावरहि बाराबोअरची बंदूक रोखणारे होतेच. परंतु तें करणें म्हणजे सुपारी फोडावयास लोहाराचा घण उचलण्यासारखें होतें.

आज श्रोत्यांपुढें मांडावयाचा प्रश्न मात्र याच्या उलट आहे. अमेरिकेंतील रानटी टर्की हा मोठा पक्षी आहे. त्याचा नर सात-आठ किलो सहज भरतो, कधीं दहाच्याहि पुढें जातो. त्याच्या शिकारीस जड बंदूक हवी, अशी तेथें पिढ्यान् पिढ्यांची समजूत. असें असतां गेल्या कांहीं वर्षांत तेथील अनेक शिकारी, विशेषतः उतारवयाचे, बाराबोअर खुंटीला टांगून वीसबोअर किंवा त्याहूनहि लहान अशी चार-दहाची बंदूक हातीं घेऊं लागले आहेत. हें नुसतें लाड आहे कीं त्यांत कांहीं तथ्य आहे?

प्रथम ‘बोअर’ या शब्दाचा उलगडा केला पाहिजे, कारण त्यांत आंकडा वाढला कीं नळी लहान होते. एक पौंड शिशाच्या बारा सारख्या गोळ्या केल्या, तर त्यांतील एक गोळी ज्या नळींत नेमकी बसेल ती बाराबोअर; वीस केल्या तर वीसबोअर. पहिलीचा व्यास साडेअठरा मिलिमीटर, दुसरीचा साडेपंधराच्या थोडा वर. चार-दहा हें नांव मात्र या हिशेबांतील नव्हे. तिच्या नळीचा व्यासच एक इंचाचे ४१० सहस्रांश, म्हणजे साडेदहा मिलिमीटरांच्या आंत आहे.

टर्कीची शिकार वसंत ऋतूंत, पहांटे होते. शिकारी झाडाच्या बुंध्याला पाठ टेकून, बंदूक गुडघ्यावर ठेवून, मादीच्या आवाजाची नक्कल करीत बसतो. नर फुलारून जवळ येईपर्यंत बोट हलवावयाची सोय नाहीं, इतकी त्याची नजर तीक्ष्ण. नेम अंगावर धरीत नाहींत; डोकें व मान एवढीच जागा, आणि अंतर तीस-चाळीस यार्ड. साडेतीन किलोंची बंदूक अशा रीतीनें उचलून धरणें साठीच्या खांद्याला सोपें नसतें. त्यांतून टर्कीसाठीं भरलेल्या बाराबोअरच्या मोठ्या काडतुसांत दोन औंस, म्हणजे ५७ ग्रॅम छर्रे असतात. चाप ओढतांच त्याचा धक्का असा बसतो कीं पुढच्या खेपेस माणूस बार होण्यापूर्वींच डोळे मिटतो व अंग आकसून घेतो. नेम तेथेंच ढळतो. मानेऐवजीं पंखांत छर्रे लागतात, आणि घायाळ पक्षी झुडुपांत शिरून कुठें तरी दोन दिवसांनीं मरतो. मोठ्या बंदुकीच्या बढाया मारणारे या पक्ष्याचा हिशेब सहसा मांडीत नाहींत.

येथें शाळेंतील गतिशास्त्र उपयोगीं पडतें. छर्रे पुढें जितक्या संवेगानें जातात तितक्याच संवेगानें बंदूक मागें येते. म्हणून काडतूस तेंच ठेवून बंदूक हलकी केली, तर धक्का कमी न होतां उलट वाढतो! हलकेपणाच्या मोहानें घाईघाईनें पातळ बंदूक घेणाऱ्यांना हा अनुभव पहिल्याच बाराला येतो. बंदुकीबरोबर भारहि कमी झाला पाहिजे. चार-दहाच्या अडीच किलोंच्या बंदुकींत २३ ग्रॅम छर्रे घातले आणि वेग जवळपास पूर्वीइतकाच धरला, तर खांद्यावर येणारी ऊर्जा सुमारें पंचमांशावर उतरते.

पण भार अर्ध्याहून कमी केल्यावर पक्षी पडेल का? शिशाचे छर्रे असतांना याचें प्रामाणिक उत्तर ‘नाहीं’ असेंच होतें. थोडे छर्रे विरळ पसरत, आणि बारीक घ्यावे तर ते आंत शिरत नसत. हें उत्तर बदललें तें एका निराळ्याच कारणानें. दलदलींत पडलेले शिशाचे छर्रे बदकें खडे समजून गिळतात. दाणा दळणाऱ्या पेषणींत ते झिजतात आणि विष रक्तांत उतरतें. यामुळें १९९१ पासून अमेरिकेंत सर्वत्र पाणपक्ष्यांच्या शिकारींत शिसें वापरण्यास बंदी झाली. युरोपीय संघानेंहि पाणथळ जागीं ती २०२३ मध्यें लागू केली. शिशाऐवजीं पोलाद आलें, पण तें हलकें. पाण्याच्या मानानें शिसें अकरा पटींहून थोडें जड, तर पोलाद पावणेआठ पट. मग शोध लागत लागत टंगस्टनच्या मिश्रधातूपर्यंत मजल गेली. ती अठरा पट जड भरते.

टर्कीला शिशाच्या बंदीचें बंधन सरसकट नव्हतें. परंतु बदकांसाठीं शोधलेली धातू तिच्या कामीं आली. टंगस्टनचा नऊ नंबरचा छर्रा जेमतेम दोन मिलिमीटरांचा, तरी तीन मिलिमीटरांच्या पांच नंबरच्या शिशाच्या छर्र्याइतका आंत शिरतो. गणित करून पाहावें: ५७ ग्रॅम शिशांत पांच नंबरचे सुमारें ३४० छर्रे बसतात, आणि २३ ग्रॅम टंगस्टनांत नऊ नंबरचे २९०. निम्म्याहून कमी ओझ्यांत जवळजवळ तेवढीच संख्या! किंमत मात्र शिशाच्या काडतुसाच्या कित्येक पट पडते. सबंध मोसमांत एक-दोन बार काढणाऱ्याला ती परवडते. रोज चांदमारी करणाऱ्याला नव्हे.

लहान नळी आणि बारीक छर्रा ही जोडी तशी नवी नाहीं. संग्रहालयांसाठीं पक्षी गोळा करणारे अभ्यासक कातडें फाटूं नये म्हणून फार पूर्वींपासून तिचाच आश्रय करीत. सलीम अलींचा पक्षिविद्येशीं संबंध जुळला तोहि बालपणीं छऱ्याच्या लहान हवाई बंदुकीनें पाडलेल्या, पिवळ्या कंठाच्या एका चिमणीमुळें. मामा अमीरुद्दीन तय्यबजी यांनीं ती ओळखून घेण्यास त्यांना १८८३ सालीं स्थापन झालेल्या मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटींत मिलर्ड साहेबांकडे पाठविलें, हें सर्वश्रुत आहे.

आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यांत परवान्यानें शिकार करण्यास प्रथम थोडी जागा होती. १९९१ च्या दुरुस्तीनें तीहि गेली. त्यामुळें खाडीवरच्या बदकांना वसईच्या बाजूस कायद्यानें अभय आहे. अमेरिकेनें वाट वेगळी धरली. तेथें विसाव्या शतकाच्या आरंभीं टर्की नामशेष होण्याच्या बेतांत होती. १९३७ च्या एका कायद्यानें बंदुका व काडतुसें यांवरील कराचा पैसा वन्य प्राण्यांकडे वळविला, जाळ्यांत धरलेले रानपक्षी ओसाड पडलेल्या रानांत नेऊन सोडले, आणि आज अलास्का वगळून बाकीच्या सर्व संस्थानांत ती आढळते.

बंदूक बदलणाऱ्यानें एवढें मात्र केलेंच पाहिजे. मोसमापूर्वीं चाळीस यार्डांवर मोठा कागद लावून त्यावर बार काढावा, आणि दहा इंच व्यासाच्या वर्तुळांत भोकें मोजावीं. शंभर भरलीं तर बंदूक त्या अंतराला पुरते. न भरलीं तर पस्तीस यार्डांवर, मग तीसवर येऊन पाहावें. जेथें शंभर भरतील, तेवढ्याच अंतरावर पक्षी येईपर्यंत चाप ओढूं नये.